महसुलाच्या मुळाशी झारेकरीण

अरबी शब्दाचा सांगाडा बहुतेकदा तीन व्यंजनांचा असतो. हशील, महसूल, तहसील या तिघांचा सांगाडा एकच: ह-स-ल. यातला ‘ह’ घशातून घासत काढायचा आणि ‘स’ जड, जिभेचा मागचा भाग वर उचलून म्हणायचा. देवनागरीत हे दोन्ही भेद पुसले जातात. म्हणून ‘वसूल’ही याच घरातला वाटतो, पण त्याचा धातू, म्हणजे व्यंजनांचा सांगाडा, व-स-ल, मूळ अर्थ ‘पोचणे’.

धातू शोधायचा तर आधी साचा सोलून काढायचा. पहिल्या व्यंजनानंतर ‘आ’, दुसऱ्यानंतर ‘इ’ आला की ‘हासिल’, आपलं हशील, म्हणजे हाती आलेलं. पुढे ‘म’ आणि शेवटच्या व्यंजनाआधी ‘ऊ’ लागला की ‘महसूल’, म्हणजे मिळवलेलं. अरबीत शेतातल्या पिकालाही हाच शब्द. ‘त’ आणि ‘ई’ जोडले की ‘तहसील’, मिळवण्याची क्रिया. न-झ-र पासून नाझर आणि मंजूर याच साच्यांतून निघाले.

कुराणात हा धातू एकदाच येतो, 100व्या सूरेच्या (अध्यायाच्या) 10व्या आयतीत (वचनात): छातीत दडलेलं कयामतीच्या दिवशी बाहेर काढलं जाईल. ‘गोळा करणं’ एवढाच अर्थ धरला तर इथे अडायला होतं. रागिब अल-इस्फहानी हा कोशकार तहसीलचा अर्थ देतो: टरफलातून गर काढणं, जसं खाणीच्या दगडातून सोनं किंवा भुशातून गहू. खाणीची माती चाळणारी बाई ती ‘मुहस्सिला’, सोनाराकडची माती चाळून सोनं शोधणारी आपल्याकडची झारेकरीणच म्हणा ना. खळ्यावर चांगला दाणा उचलल्यावर उरतो तो गाळ ‘हुसाला’. जनावरानं माती खाल्ली आणि ती पोटातच राहिली, तर त्या दुखण्याला ‘हसल’. पक्ष्याच्या गळ्याशी दाणे साठवायची पिशवी असते, ती ‘हौसला’. फारसीत त्या पिशवीचा झाला धीर, आणि हिंदीत हिंमत.

आता हशीलमधला ‘श’. मराठीत इ-ईआधीचा ‘स’ सहसा ‘श’ होतो: सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का, तफसीलचा तपशील. महसुलात पुढे ‘ऊ’ असल्यानं ‘स’ टिकला. तहसीलमध्ये मात्र ‘ई’ असूनही टिकला. माझ्या मते कचेरीच्या कागदानं त्याला बोलीच्या तोंडी फारसं लागू दिलं नाही.