गोठवलेली गाठ फोटोत दिसणारच

स्तनाच्या कॅन्सरची छोटी गाठ गोठवून मारता येते, ही बातमी सांगली-मिरजेतही पोचली आहे. बातमीसोबत गल्लतही पोचली: "गोठवलं म्हणजे ऑपरेशनच, फक्त चिरफाड नाही." हे चूक आहे.

ऑपरेशन आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. जत-आटपाडीहून बायका मिरजेला येतात, गाठ काढली जाते, मग पॅथॉलॉजीच्या रिपोर्टाची वाट बघायची. गोठवताना सोनोग्राफीत बघत सुईसारखा प्रोब गाठीत घालतात, द्रवरूप नायट्रोजन किंवा अरगॉन वायूने बर्फाचा गोळा तयार करतात, वितळू देतात आणि पुन्हा गोठवतात. तेवढी जागा बधिर केली की पुरतं. टाके, व्रण, मुक्काम हे फरक कुणालाही कळतात.

अडखळायला होतं ते पुढे. ऑपरेशनमध्ये गाठ बाहेर येते आणि तिच्या कडा स्वच्छ आहेत का, म्हणजे कडेपर्यंत कॅन्सर पोचलेला नाही ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतं. गोठवल्यावर मेलेली गाठ आतच राहते. कडांचा रिपोर्ट येतच नाही. म्हणून ग्रेड (कॅन्सर किती आक्रमक), हार्मोन रिसेप्टर (तो हार्मोनवर वाढतो का), एचईआर-टू (त्याला वाढवणारं एक प्रथिन) हे सगळं आधीच्या बायोप्सीतून, म्हणजे गाठीचा तुकडा तपासून, हातात असलंच पाहिजे. "आधी गोठवून घेऊ, बायोप्सीचं नंतर बघू" असं कुणी म्हणालं तर मी तिथून उठेन.

कडांच्या रिपोर्टाचं काम पुढे फोटोंना, म्हणजे मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि एमआरआयला, करावं लागतं. सुरुवातीच्या मॅमोग्राफीत ती जागा मूळ गाठीपेक्षा मोठी दिसू शकते, कारण भोवतीचा थोडा निरोगी भागही मुद्दाम गोठवलेला असतो. नंतर तिथली चरबी मरते, तेलाची पुटकुळी होते, कडेला कॅल्शियम साचतं, आणि हळूहळू सगळं आक्रसतं. घरचे रिपोर्टाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात, "गाठ तशीच आहे" म्हणून, आणि बाई रात्रभर जागी राहते. याचा मला फार त्रास होतो. गाठ दिसते का, हा प्रश्नच इथे उपयोगाचा नाही. तिथे रक्त पोचतंय का, हे विचारा. इंजेक्शन देऊन केलेल्या एमआरआयमध्ये मेलेला भाग औषध घेत नाही. कडेची बारीक, एकसारखी रेघ बहुधा भरून येण्याची असते. त्याच कडेला गाठीसारखा ठिपका उजळला, किंवा आक्रसणारी जागा पुन्हा वाढू लागली, तर बायोप्सी करायलाच हवी.

हा उपचार सगळ्यांसाठी नाही. अमेरिकेतल्या आइस-थ्री अभ्यासात 60 वर्षांपुढच्या 194 स्त्रिया होत्या, गाठ 1.5 सेंटिमीटरपर्यंत, हार्मोन पॉझिटिव्ह, एचईआर-टू निगेटिव्ह. पाच वर्षांत त्याच स्तनात कॅन्सर परतण्याचं प्रमाण 4.3 टक्के आलं. 2025 मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, परवानगी दिली ती 70 वर्षांपुढच्या, कमी जोखमीच्या रुग्णांना, हार्मोनच्या गोळ्यांसोबत. चाळिशीतल्या बाईची तीन सेंटिमीटरची गाठ यात बसत नाही. तिने ऑपरेशनच करावं.

ज्यांनी गोठवून घेतलं आहे, त्यांनी उपचाराआधीची आणि नंतरची प्रत्येक सीडी जपावी, नुसता कागद नाही. सेंटर बदललं तर सगळ्या सीडी सोबत न्याव्यात आणि गाठ गोठवली आहे हे फोटो काढण्याआधी सांगावं.