अपंग कुत्रं दत्तक घ्यायचंय? अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अपंग कुत्र्यासाठी अर्ज केलेली बरीच माणसं नकार घेऊन परत जातात. मग समजतात, आपलं घर लहान म्हणून दिलं नाही. घराच्या आकारावरून सहसा कुणी नाकारत नाही. अर्ज अडतो तो ठरावीक दोन-तीन रकान्यांत.

पात्रता साधी आहे. वय १८ पूर्ण, ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा, घरच्यांची संमती. कुत्रं बहुतेक वेळा बचावकार्य करणाऱ्या संस्थेकडून मिळतं. पालिकेकडेही अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात तशी मुभा आहे. पण दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी त्याच आदेशाने अर्जदारावर टाकली आहे. आपल्याकडे सरकारी कागद कन्नडमध्ये असतो. काउंटरवर समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो, आणि माणसं मान डोलावून सही करून मोकळी होतात. असं करू नका. कन्नड वाचता येणारं कुणी सोबत न्या आणि हमीपत्रातली, म्हणजे ही जबाबदारी लिहून देण्याच्या कागदातली, ओळन्‌ओळ विचारून घ्या.

आता अडणारा पहिला रकाना: तुम्ही घरी नसताना कुत्र्याचं कोण करणार? इथे लोक लिहितात ‘घरचे सगळे’. तोंडी विचारलं तर ‘बघून घेतो की!’ एवढ्यावर मागचे पाय गेलेलं कुत्रं कुणी देत नाही, आणि देऊही नये. पाठीच्या कण्याला मार बसलेल्या बऱ्याच कुत्र्यांना लघवी आपली आपण होत नाही. दिवसातून तीन-चार वेळा, मागच्या पायांच्या जरा पुढे पोटाला दोन्ही बाजूंनी हात लावून, हळू पण सलग दाब देत मूत्राशय रिकामं करावं लागतं. जोर जास्त झाला तर इजा होते, कमी पडला तर लघवी तुंबून जंतुसंसर्ग होतो. हे डॉक्टरांसमोर, त्याच कुत्र्यावर शिकायचं असतं. म्हणून त्या रकान्यात एकाच माणसाचं नाव लिहा, दुपारी तो घरी असतो का ते लिहा आणि शिकायला त्यालाही घेऊन जा. दिवसभर उद्यमबागला कामावर असणाऱ्याने घरातल्या आईचं नाव न विचारता टाकलं, तर संस्थेची माणसं घर बघायला आली की ते लगेच उघडं पडतं. तिला बिचारीला काहीच माहीत नसतं.

दुसरा अडसर घरमालकाच्या पत्राचा. हा कागद जवळजवळ कुणाकडेच नसतो. कितीतरी भाडेकरू तोंडी बोलीवर राहतात, करार केलाच तर अकरा महिन्यांचा, त्यात कुत्र्याचा उल्लेख नाही. अपार्टमेंटची असोसिएशन पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. लोक त्याचा हवाला देतात, पण घरमालकाचा प्रश्न वेगळा. त्याने उद्या घर खाली करा म्हटलं तर कुत्र्याचं काय, हे संस्थेला कळायला हवं. साध्या कागदावर दोन ओळी आणि मालकाची सही पुरते. त्यात कुत्रं अपंग आहे हेही लिहून घ्या, नाहीतर लघवीचा वास आला की कुरबुर सुरू होते. आधारवर गावचा पत्ता असेल तर सोबत वीजबिल किंवा भाडेकरार जोडा.

कुत्रं कुठलं मागावं, यावरही अर्ज ठरतो. आंधळं कुत्रं कानावर आणि नाकावर जगतं. वडगाव-खासबागला यंत्रमागांच्या खडखडाटात त्याचे हाल होतील. बहिरं तिथे आरामात राहील, फक्त हातवाऱ्यांची सवय लावा आणि मोकळं सोडू नका. मागच्या पायांऐवजी चाकांच्या छोट्या गाडीला बांधलेलं कुत्रं व्हिडिओत छान दिसतं. प्रत्यक्षात गाडी दिवसातून थोडाच वेळ लावायची असते आणि खानापूरकडच्या पावसाळी चिखलात चाकं फिरत नाहीत. तिथे कोरडी पडवी, जाड अंथरूण आणि जखमांवर रोज नजर हवी, कारण ओल्या जखमेत किडे पडायला वेळ लागत नाही. गुळगुळीत फरशीवर तीन पायांचं कुत्रं घसरतं. जुनी सतरंजी टाकली तरी भागतं. आणि कानाला खाच दिसली तर ते व्यंग समजू नका. नसबंदी झाल्याची ती खूण आहे.

मुदतीचा घोळ ठरलेला. कुत्रं आधी काही दिवस चाचणीवर देतात. हे दिवस कुत्रं घरी आल्यापासून मोजतात, अर्ज दिल्यापासून नाही. आणि मुदत संपली म्हणून कुत्रं आपोआप तुमचं होत नाही. अखेरच्या करारावर सही लागते. लसीच्या कार्डावर दोन तारखा असतात. दुसरी तारीख पुढच्या डोसची. ती चाचणीच्या काळात येत असेल तर डोस कुणी द्यायचा ते आधीच ठरवा.

चंदगड किंवा कोल्हापूरला न्यायचं असेल तर प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत तो सांगितला आहे. चंदगड तालुक्यातली शिनोळी बेळगावहून हाकेच्या अंतरावर असली तरी राज्य बदलतं, दाखला खिशात ठेवा. रेल्वेने न्यायचं तर स्लीपर किंवा थ्री-टायरमध्ये कुत्रं चालत नाही.

झेपलं नाही तर लाजून गप्प बसू नका. कुत्रं हायवेला सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि शेजाऱ्याला परस्पर देणं म्हणजे करार मोडणं. दिलेल्या संस्थेला फोन करा. परत देताना लसीचं कार्ड, चालू औषधं आणि शेवटची लघवी कधी काढली ती वेळ लिहून द्या.