ना गवताचा, ना ताप

'हे फीवर' (hay fever, शब्दशः 'वाळल्या गवताचा ताप') या इंग्रजी नावातले दोन्ही शब्द फसवे. वाळल्या गवताचा त्याच्याशी फारसा संबंध नाही आणि अंगात ताप तर नसतोच. शब्दकोशात 'परागज्वर' असा भारदस्त प्रतिशब्द सापडतो. त्यात गवत गेलं, पण ज्वर राहिला. दवाखान्यात जाऊन "डॉक्टर, मला परागज्वर झालाय" असं कुणी म्हणत नाही. आपण म्हणतो, ॲलर्जीची सर्दी. सकाळी उठल्याउठल्या ओळीने दहा-बारा शिंका, नळासारखं वाहणारं नाक, टाळूला आतून सुटलेली खाज आणि चोळून लाल झालेले डोळे. दुपारी माणूस ठणठणीत, त्यामुळे घरच्यांची सहानुभूतीही मिळत नाही.

या दुखण्याचं पहिलं नीट वर्णन ते सोसणाऱ्यानेच केलं. मार्च १८१९ मध्ये लंडनच्या वैद्यक सभेत जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत वाचली. रुग्ण 'जे. बी., वय ४६', म्हणजे ते स्वतःच. आठव्या वर्षापासून दर जूनमध्ये हा त्रास. उपायांची त्यांची यादी वाचताना अंगावर काटा येतो: रक्त काढणं, जुलाब, पारा, अफू, थंड पाण्याची स्नानं. काहीही लागू पडलं नाही. पुढच्या नऊ वर्षांत धुंडाळून त्यांना असे अठ्ठावीस रुग्ण मिळाले. ताज्या कापलेल्या गवताच्या वासाने हे होतं, अशी लोकांची समजूत होती आणि नाव पडलं त्यावरूनच. बोस्टॉक यांना ती पटली नाही. त्यांचा संशय उन्हावर. गंमत अशी, की लोक सत्याच्या जास्त जवळ होते. बोस्टॉक यांना उतार पडला तो उन्हाळ्यात रॅम्सगेटला समुद्रकाठच्या घरात राहायला गेल्यावर. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात पराग फारसे नसतात, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

खरा चोर पकडला मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. हेही डॉक्टर, हेही रुग्ण, आणि पेशाने होमिओपॅथ. या सगळ्या इतिहासातला माझा सर्वांत आवडता माणूस हाच. मुलांनी फुलदाणीत खोचून ठेवलेल्या गवताला धक्का लागला, परागांची धूळ उडाली आणि यांना शिंकांचा सपाटा सुरू झाला. मग त्यांनी निरनिराळ्या वनस्पतींचे पराग गोळा करून, हंगाम नसताना, स्वतःच्या नाकात ओढायला सुरुवात केली. हाताची कातडी जराशी खरवडून त्यावर ओले पराग लावले, दुसरा हात तसाच खरवडून कोरा ठेवला. पराग लावलेल्या हाताला गांध उठली. आज ॲलर्जी तपासायला हातावर जी चाचणी करतात, तिची ही आजी. शिवाय चिकट द्रव लावलेल्या काचा पतंगाला बांधून आभाळात सोडल्या आणि खाली उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण मोजत बसले. पराग उंचावर, शेतांपासून दूरही पोचतात, हे त्यातून कळलं. १८७३ साली हे सारं पुस्तकरूपाने आलं. कारण हाती लागलं, औषध मात्र नव्हतंच.

औषध सापडलं ते चुकीच्या तर्कातून. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या लेनर्ड नून यांना वाटत होतं, की पराग म्हणजे एक प्रकारचं विष. थोडंथोडं टोचलं तर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिकार तयार करील. टिमोथी नावाच्या गवताच्या परागांचा अर्क त्यांनी रुग्णांना वाढत्या मात्रेने टोचला. फरक मोजायला तोच अर्क डोळ्यात टाकायचा आणि किती तीव्रतेला डोळा लाल होतो ते पाहायचं. जून १९११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध आला, दोन वर्षांत नून क्षयाने गेले आणि सहकारी जॉन फ्रीमन यांनी काम पुढे नेलं. पराग विष नाहीत. निरुपद्रवी वस्तूला शरीर शत्रू समजतं, ही खरी भानगड, आणि ती घडवणारं प्रतिद्रव्य सापडायला १९६० चं दशक उजाडलं. तर्क चुकला तरी लस उपयोगी ठरली.

गोळीची गोष्ट वेगळी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोवे आणि आन-मारी स्टाउब यांना १९३७ मध्ये हिस्टामिनला, म्हणजे ॲलर्जीत शिंका आणि खाज आणणाऱ्या शरीरातल्या द्रव्याला, अडवणारं पहिलं रसायन मिळालं. माणसाला देण्याजोगं ते नव्हतं. तशी औषधं १९४० च्या दशकात आली. शिंका थांबायच्या, पण माणूस पेंगायचा. अविल घेऊन कामावर गेलेल्याला हे समजावून सांगायला नको. झोप न आणणारी टर्फेनाडिन आली, तर काही औषधांबरोबर घेतल्यास हृदयाचे ठोके बिघडतात असं आढळून ती बाजारातून गेली. सेट्रिझिन टिकली, आणि आज कुठल्याही मेडिकलात मिळते. तिनेही काहींना गुंगी येते.

नाक चोंदणाऱ्यांना गोळीपेक्षा स्टेरॉइडचा फवारा अधिक कामाचा. पण आपण तो बामासारखा वापरतो: त्रास झाला की एकदा मारायचा, तासाभरात उतार नाही म्हणून कपाटात टाकायचा. तो रोज, काही दिवस नेमाने मारला तरच गुण येतो. हंगामाआधी सुरू केला तर उत्तम. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणं, म्हणजे आपली जलनेती, हा घरगुती उपायही खरोखर आराम देतो.

आता आपल्याकडचं. १९५६ साली पुण्यातून एका परदेशी तणाची नोंद प्रसिद्ध झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. पानं गाजरासारखी, फुलं साबुदाण्याएवढी पांढरी. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात. नाव पडलं काँग्रेस गवत. हेही गवत नव्हेच, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. अमेरिकेत शिंकांनी हैराण करणाऱ्या रॅगवीडचं ते भावंड. उपटताना हाताला लागलं तर खाज, पराग नाकात गेले तर शिंका. पावसाळ्यात ते प्लॉटच्या कुंपणांवरून डोकावू लागलं, की माझा रुमालांचा गठ्ठा वर येतो. पण सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. घरातल्या धुळीत, गाद्या-उशांत राहणारे डोळ्यांना न दिसणारे जीव हेही मोठं कारण, हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात दाखवलं. दिवाळीत माळा झाडणाऱ्याला ते आधीपासून माहीत होतं.

नून यांची लस आता युरोपात जिभेखाली ठेवायच्या गोळीच्या रूपात मिळते. गवत तेच, टिमोथी. आणि ती रोज, तीन वर्षं घ्यायची. आपल्या माळावर टिमोथी नाही, हरळी आहे, आणि दोघांचं नातं लांबचं. म्हणून लस घ्यायची तर आधी आपल्याला नेमकं कशाचं वावडं आहे ते तपासून घ्यावं लागतं, हातावर, ब्लॅकली यांच्याच पद्धतीने.