पिकाचूच्या शेपटीचं टोक

'पोकेमॉन' या जपानी कार्टून मालिकेतला पिकाचू डोळ्यांसमोर आणा. पिवळंधमक अंग, गालांवर लाल ठिपके, उभे लांब कान आणि त्या कानांची काळी टोकं. आता शेपटी. आकाशात वीज चमकताना रेघ काढतात तशी वाकडीतिकडी. तिचं टोक कोणत्या रंगाचं आहे?

'काळं' असं उत्तर मनात आलं असेल तर तुम्हाला सोबत भरपूर आहे. टोक पिवळंच असतं. रंग बदलतो तो शेपटीच्या बुडाशी, आणि तोही काळा नव्हे, तपकिरी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लिहिणाऱ्याचीच गफलत झाली असणार अशा खात्रीनं चित्र शोधलं. चित्र सापडल्यावरही क्षणभर संशय आला तो चित्राचाच, स्वतःचा नाही.

आठवणीत चूक होण्यात नवल काहीच नाही. नवल हे, की एकमेकांना न ओळखणारी, वेगवेगळ्या देशांत वाढलेली माणसं नेमकी तीच चूक करतात. शेपटीचं टोक निळं होतं किंवा शेपटी गोल होती असं कुणी म्हणत नाही. चुकायला हजार वाटा मोकळ्या असताना सगळे एकाच वाटेनं जातात.

या प्रकाराला इंटरनेटवर 'मंडेला इफेक्ट' म्हणतात. फिओना ब्रूम या लेखिकेला पक्कं आठवत होतं, की नेल्सन मंडेला 1980च्या दशकात तुरुंगातच वारले. प्रत्यक्षात ते 1990 साली सुटले, 1994 साली दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि 5 डिसेंबर 2013 रोजी गेले. पण ब्रूम यांनी ही आठवण बोलून दाखवली तेव्हा 'अरे, मलाही तसंच आठवतंय' म्हणणारे भेटत गेले, आणि नाव रूढ झालं. मग समांतर विश्वांचे सिद्धांत आले: आपण एका विश्वातून दुसऱ्यात सरकलो, जुन्या विश्वातल्या आठवणी तेवढ्या सोबत आल्या. मला यात भौतिकशास्त्रापेक्षा मानसशास्त्र जास्त दिसतं. आपली आठवण चुकली असेल यापेक्षा सगळं विश्वच बदललं असेल, हे माणसाला पटायला सोपं जातं.

मंडेलांच्या बाबतीत निदान एक तर्क करता येतो. दक्षिण आफ्रिकेतलेच वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको 1977 साली खरोखरच कोठडीत मरण पावले. आपला मेंदू 'काय घडलं' आणि 'कुणाबाबत, कुठे कळलं' या गोष्टी एका गाठोड्यात बांधून ठेवत नाही. मजकूर टिकतो, त्याला लावलेली चिठ्ठी गळून पडते, आणि मग रिकाम्या जागी जास्त प्रसिद्ध नाव चिकटतं.

चित्रांचं कोडं याहून अवघड आहे. शिकागो विद्यापीठातल्या दीपश्री प्रसाद आणि विल्मा बेनब्रिज यांनी ते प्रयोगशाळेत नेलं आणि 2022 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी 40 प्रसिद्ध पात्रं आणि बोधचिन्हं निवडली. प्रत्येकाची तीन रूपं दाखवायची, एक अस्सल आणि दोन किंचित फेरफार केलेली, आणि खरं कोणतं ते विचारायचं. बहुतेक चित्रं लोकांनी बरोबर ओळखली. सात चित्रांवर मात्र गर्दी चुकीच्या रूपाभोवती जमली, आणि तीही एकाच. पिकाचू त्यांतला एक. मोनोपॉली खेळावरच्या म्हाताऱ्या शेठच्या डोळ्याला एकाक्षी चष्मा असतो असं लोकांनी सांगितलं, तो नसतो. क्युरियस जॉर्ज या माकडाला शेपूट दिली. त्याला ती नाही. फोक्सवॅगनच्या चिन्हातल्या 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या अक्षरांमधली फट बुजवून टाकली. हे लोक अंदाजपंचे ठोकून देत नव्हते. चित्र आपल्या चांगल्या ओळखीचं आहे असं ते सांगत होते, आणि उत्तराची खात्रीही बाळगून होते.

आता कारण काय? पहिलं जे सुचतं ते जुनं आहे. 1932 साली फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्लंडमधल्या लोकांना त्यानं उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर आठवून सांगायला लावली. सांगता सांगता कथेतल्या होड्यांचं नाव बदललं, सीलची शिकार मासेमारी झाली, आणि जे विचित्र वाटत होतं ते हळूच गळालं. बार्टलेटचं म्हणणं असं, की आठवणं म्हणजे कपाटातून वस्तू काढणं नव्हे. दरवेळी आपण आठवण नव्यानं रचतो, आणि रचताना सवयीचे साचे वापरतो. मोनोपॉलीच्या शेठला हे चपखल बसतं: उंच टोपी, पांढरी मिशी, काठी, सूट. जुन्या काळच्या श्रीमंताचा साचा इतका भरत आला, की उरलेला चष्मा मेंदूनं स्वतःच्या खर्चानं दिला. माकडाला शेपूट हवीच, हेही त्यातलंच.

पण मग फ्रूट ऑफ द लूम घ्या. कपड्यांच्या या ब्रँडच्या चिन्हावर सफरचंद, द्राक्षं आणि पानं आहेत. असंख्य लोकांना फळांच्या मागे शिंगाच्या आकाराची टोपली आठवते. ती तिथे नाही. प्रयोगातल्या दुसऱ्या खोट्या रूपात फळं ताटलीत ठेवली होती. साच्याचाच हिशेब लावायचा तर लोकांनी ताटली निवडायला हवी, कारण फळं ताटलीत आपण कितीतरी वेळा पाहतो. शिंगाची टोपली रोजच्या आयुष्यात किती जणांनी पाहिली असेल? तरी लोक टोपलीकडेच गेले. साचा इथे तोंडघशी पडतो.

मग लक्ष कमी पडत असेल? संशोधकांनी तेही तपासलं. चित्र बघताना लोक कोणत्या भागाकडे किती लक्ष देतात हे पाहिलं, तर बरोबर ओळखणारे आणि चुकणारे यांच्यात फरक सापडला नाही. मग चुकीचीच चित्रं जगात जास्त फिरत असतील? 'स्टार वॉर्स'मधला सी-थ्रीपीओ हा यंत्रमानव सगळा सोनेरी आठवतो, पण मूळ चित्रपटांत त्याचा एक पाय गुडघ्याखाली चंदेरी आहे. हा पाय नजरेतून सुटू शकतो, कारण सी-थ्रीपीओ बऱ्याचदा कमरेच्या वरच दिसतो. पिकाचूची शेपटी मात्र झाकलेली नसते. बहुतेक ठिकाणी अस्सल रूपच समोर येत राहतं, तरी चूक टिकते. शिवाय पर्याय न दाखवता नुसतं आठवून चित्र काढायला सांगितलं, तेव्हाही काही लोकांच्या हातून आपोआप तीच चूक उमटली. म्हणजे सगळा दोष पर्यायांनी फशी पाडण्याचा नाही.

चाहते इथे चिडतात. 'आम्ही शेकडो भाग पाहिलेत, आम्हाला शिकवू नका.' पण जास्त पाहणं म्हणजे जास्त टिपणं नव्हे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या 85 विद्यार्थ्यांना अॅपलचं चिन्ह आठवून काढायला सांगितलं. अगदी बिनचूक काढणारा निघाला एक. समोर अनेक रूपं ठेवून ओळखायला सांगितलं, तरी निम्मेसुद्धा बरोबर आले नाहीत. यात आळस नाही, काटकसर आहे. ते अॅपलचं आहे हे क्षणात कळलं की काम झालं. पान कुठे झुकतं हे साठवून मेंदूला काय करायचंय?

पिकाचूच्या बाबतीत चाहत्यांचं ज्ञानच आड येत असेल, अशी माझी शंका आहे. त्याच्या कानांची टोकं काळी आहेत, आणि पिचू नावाच्या त्याच्या धाकट्या रूपाची शेपटी खरोखरच काळी आहे. जवळच्या खऱ्या गोष्टी भरपूर असल्या की एखादी घरंगळत शेजारच्या खणात जायला वेळ लागत नाही. ही शंकाच आहे, सिद्ध झालेलं काही नाही.

वाक्यांचं गणित जरा वेगळं. 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 1980च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये खलनायक डार्थ व्हेडर नायक ल्यूकला म्हणतो तो संवाद लोक 'ल्यूक, आय अॅम युअर फादर' असा म्हणतात. पडद्यावर तो 'नो, आय अॅम युअर फादर' असा आहे. त्या 'नो'ला आधी ल्यूकनं काय म्हटलं याचा आधार लागतो. दृश्यातून उपटून गप्पांमध्ये आणायचं तर कुणाला उद्देशून, हे त्यातच यायला हवं. म्हणून नाव शिरलं. चुकीचं वाक्य एकट्यानं प्रवास करू शकतं, बरोबर वाक्याला दृश्याची सोबत लागते. पुढे नकलाकारांनी ते इतकं वापरलं, की लोकांच्या कानात मूळ संवादापेक्षा नक्कलच जास्त वेळा पडली असणार.

आणि नुसतं विचारण्यानंही आठवण हलते. 1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 150 विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. 50 जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर 'आदळून चुराडा' झाल्या तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या 50 जणांना विचारताना नुसतं 'धडकल्या' म्हटलं. उरलेल्यांना वेगाबद्दल काही विचारलंच नाही. आठवड्यानं सगळ्यांना प्रश्न केला: फुटलेली काच दिसली का? पहिल्या गटातले 16 जण हो म्हणाले, दुसऱ्यातले 7. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. 'पिकाचूच्या शेपटीचं टोक काळं असतं का?' हा प्रश्नही असाच निरागस नाही. लेखाच्या सुरुवातीला मी कानांची काळी टोकं सांगून लगेच शेपटीकडे वळलो, ते मुद्दाम.

तरीही 40 चित्रांमधली हीच सात का, याचं एकच उत्तर संशोधकांना मिळालं नाही. कुठे साचा लागू पडतो, कुठे अपुरं दर्शन, कुठे काहीच नाही. बेनब्रिज यांचं आधीचं काम चेहऱ्यांच्या लक्षात राहण्यावर होतं. त्यात असं दिसलं होतं, की काही चेहरे जवळजवळ सगळ्यांच्या लक्षात राहतात आणि काही जवळजवळ सगळेच विसरतात, बघणारा कुणीही असो. आता तसंच चुकीचंही असावं, असं या सात चित्रांवरून वाटतं: चूक आपल्या डोक्यात होते खरी, पण ती कोणती व्हायची हे काही अंशी चित्रातच दडलेलं असतं. चित्राच्या नेमक्या कोणत्या गुणात, हे शोधायचं बाकी आहे.