मॅग्नेशियमच्या तीन भावंडांत दडलेला आकाशगंगेचा इतिहास

१९५२ साली खगोलशास्त्रज्ञ पॉल मेरिल यांना काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियम सापडले. हे मूलद्रव्य टिकत नाही. त्याचे सर्वांत चिवट समस्थानिकही (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) सुमारे ४२ लाख वर्षांत निम्मे उरते. तारे त्याहून कितीतरी जुने. म्हणजे ते तिथेच, ताऱ्याच्या पोटात, घडत होते! पुढे १९५७ मध्ये मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉयल (जयंत नारळीकरांचे गुरू) यांनी कोणते मूलद्रव्य कोणत्या प्रक्रियेतून येते, याचा सविस्तर हिशेब मांडला.

दुसरा धागा आकाशगंगेच्या जन्माचा. १९६२ मध्ये एगन, लिंडन-बेल आणि सँडेज हे खगोलशास्त्रज्ञ म्हणाले, एकच प्रचंड वायुमेघ झपाट्याने आकसला. १९७८ मध्ये सर्ल आणि झिन यांनी वेगळे मत मांडले: लहान लहान तुकडे हळूहळू येऊन मिळाले. वाद मुख्यतः वेळेचा होता, आणि वेळ मोजायला घड्याळ हवे होते.

मॅग्नेशियमने ते दिले. त्याची तीन स्थिर समस्थानिके आहेत, अणुभारानुसार: २४, २५ आणि २६. सूर्यमालेत त्यांचे प्रमाण ७९, १० आणि ११ टक्के. २४ मुख्यतः अल्पायुषी, महाकाय ताऱ्यांच्या स्फोटांतून येते. जड भावंडांचा मोठा वाटा मात्र मध्यम वस्तुमानाचे तारे म्हातारपणी वाऱ्यांबरोबर बाहेर टाकतात, आणि त्याला बराच अधिक काळ लागतो. प्राचीन ताऱ्यात २५ आणि २६ कमी असतील, तर त्याचा वायू त्या म्हाताऱ्यांची भर पडण्याआधीचा.

मोजणी मात्र जिकिरीची. वर्णपटातल्या अणूंच्या रेषांत ही तिघे वेगळी ओळखू येत नाहीत. थंड ताऱ्यांत मॅग्नेशियम आणि हायड्रोजनचा रेणू तयार होतो. केंद्रक जड असेल तर त्याची हिरव्या भागातली रेषा तांबड्या बाजूला किंचित सरकते. तिन्हींच्या रेषा एकमेकींत मिसळून एका बाजूला जो सूक्ष्म फुगवटा दिसतो, तो मोजायचा! १९८० मध्ये टॉमकिन आणि लँबर्ट यांनी ग्रूमब्रिज १८३० या जुन्या ताऱ्यात हे केले. जड समस्थानिके सूर्यापेक्षा खूप कमी निघाली. माझ्या मते या साऱ्या कहाणीतले सर्वांत देखणे मोजमाप हेच.

२०१८ मध्ये ताऱ्यांची स्थाने आणि गती मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या नोंदींतून दिसले, की सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी एक लहान दीर्घिका आपल्या आकाशगंगेत विलीन झाली. तिचे तारे आजही वेगळ्या कक्षांमुळे ओळखता येतात. आता त्यांचे मॅग्नेशियम इथल्या मूळ ताऱ्यांशी ताडून पाहता येते; पण अतिप्राचीन ताऱ्यांत मॅग्नेशियमच इतके थोडे, की ती रेषा जवळजवळ पुसली जाते.