बार्बरीचा घोडा, बार्बरीचं कबुतर

मोरोक्कोपासून लिबियापर्यंतच्या किनाऱ्याला युरोपातले लोक पूर्वी बार्बरी म्हणत. त्या किनाऱ्याचं नाव दोन जाती आजही मिरवतात: बार्ब घोडा आणि बार्ब कबुतर.

बार्ब घोड्याला सर्रास अरबी समजलं जातं, आणि हा त्याच्यावर अन्यायच आहे. अरबी घोड्याचा चेहरा कपाळाखाली खोलगट, शेपूट उंचावर. बार्बचं नाक किंचित फुगीर, पुठ्ठे उतरते, शेपूट खालून निघालेलं. इथल्या न्युमिडिया या प्राचीन राज्याचे स्वार लगामाशिवाय, मानेभोवतीच्या दोरीवर घोडे पळवत. इ.स.पू. 202 मध्ये झामाच्या रणांगणात कार्थेजचा सेनापती हॅनिबल रोमनांकडून हरला, त्यात रोमनांच्या बाजूने लढलेल्या याच स्वारांचा मोठा हात होता.

पण मला खरी भुरळ घातली ती कबुतराने. आखूड, जाड चोच आणि डोळ्याभोवती लाल, मांसल कडं. चार्ल्स डार्विनने 1855 पासून घरी कबुतरं पाळली, त्यांत बार्बही होते. सगळ्या पाळीव जाती एकाच रानटी पारव्यापासून आल्या, असं त्याचं म्हणणं होतं. ते तपासायला त्याने शुभ्र लक्का (पंख्यासारख्या शेपटीचं कबुतर) आणि काळेकुट्ट बार्ब यांची जोडी लावली. पिल्लं निघाली तपकिरी-काळी, ठिपक्यांची. त्या पिल्लांचा पुन्हा आपसांत संकर केला, तेव्हा एक नातवंड निघालं सुरेख निळसर रंगाचं: कमरेवर पांढरा पट्टा, पंखांवर दोन काळ्या रेघा, शेपटीवर आडवी पट्टी. आजा-आजीत कुणाकडेच नसलेला, हुबेहूब रानटी पारव्याचा वेश! 1859 च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये त्याने हे लिहून ठेवलं आहे.

डार्विनला जनुकं ठाऊक नव्हती. आज कारण सांगता येतं. कबुतराचं पीस सगळीकडे सारखं काळं करणारं एक जनुक असतं. ते पंखावरच्या रेघा पुसत नाही, नुसतं त्यांच्यावर पांघरूण घालतं. पांढऱ्या रंगाखालीही तो नमुना असाच दडून राहतो. दोन पिढ्यांत जनुकांची वाटणी नव्याने होते, आणि एखाद्या पिल्लाच्या वाट्याला यातलं कुठलंच पांघरूण येत नाही.

आपल्या खिडकीत घुमणाऱ्या पारव्याकडे नीट पाहा. त्याची कंबर पांढरी नसून बहुधा करडी असते, पण पंखावरच्या दोन काळ्या रेघा त्याच.