ऑप्शन आणि रिअसाईन: दोघं गेले आयोवालाच, मग फरक काय?

मार्च महिना आला की मेजर लीग बेसबॉलच्या कॅम्पमधून रोज एकदोन ओळींच्या बातम्या सुटतात, अमक्याला ट्रिपल-एला (मेजरच्या एक पायरी खालची मायनर लीग) ऑप्शन केलं, तमक्याला मायनर लीग कॅम्पला रिअसाईन केलं. नवीन माणूस वाचतो आणि म्हणतो, म्हणजे काय, दोघांनाही टीममधून काढलं ना! मीपण बरीच वर्षं हेच समजायचो. शेवटी दोघं एकाच गावात जातात, एकाच बसमधून फिरतात, एकाच टीमकडून खेळतात, मग शब्द दोन कशाला?

शब्द दोन आहेत कारण कागद दोन आहेत.

प्रत्येक टीमची एक ४० जणांची यादी असते, फॉर्टी-मॅन रोस्टर. प्रत्यक्ष मॅचला उपलब्ध असतात ते त्यातले २६ (२०२० च्या आधी २५ असायचे). बाकीचे या ४० मध्येच असतात, पण मायनरमध्ये खेळतात किंवा इंज्युरी लिस्टवर असतात. आता स्प्रिंग ट्रेनिंगला, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून ॲरिझोना नाहीतर फ्लोरिडात जो कॅम्प लागतो तिथे, हे ४० तर येतातच, पण त्यांच्याबरोबर अजून बरेच जण बोलावलेले असतात ज्यांचं नाव यादीत नाही. त्यांना नॉन-रोस्टर इन्व्हायटी म्हणतात. लग्नाला आलेत, जेवणार पण आहेत, पण आहेराच्या वहीत नाव नाही असं समजा.

तर जो ४० मध्ये आहे त्याला खाली पाठवलं की तो 'ऑप्शन' झाला. जो ४० मध्ये नाहीच, त्याला फक्त दुसऱ्या मैदानावर जायला सांगतात, तो 'रिअसाईन' झाला. वर येतानाचे शब्दही वेगळे, ऑप्शन झालेला 'रिकॉल' होतो आणि रिअसाईन झालेल्याचं कॉन्ट्रॅक्ट 'सिलेक्ट' करावं लागतं, आणि ते करायचं तर ४० मध्ये एक जागा रिकामी पाहिजे. जागा नसेल तर कुणाला तरी डीएफए करा, म्हणजे यादीतून उडवा आणि सात दिवसांत त्याचा निकाल लावा, ट्रेड, वेव्हर्स (म्हणजे बाकीच्या टीमना त्याला उचलायची संधी द्यायची), नाहीतर सरळ नारळ. किंवा कुणी मोठा जखमी असेल तर त्याला ६० दिवसांच्या इंज्युरी लिस्टवर टाका, ती जागा ४० मध्ये धरत नाहीत. म्हणून मार्चमध्ये एखादा नॉन-रोस्टर पोरगा कितीही झोडपत असला तरी टीम लगेच घेत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याचा बळी द्यावा लागतो ना.

याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण म्हणजे ३० मार्च २०१५, शिकागो कब्ज टीम, ॲरिझोनातल्या मेसाचा कॅम्प. क्रिस ब्रायंट या तरुण थर्ड बेसमनने त्या मार्चमध्ये ९ होमरन मारले होते, बॅटिंग ॲव्हरेज .४२५. तिघांना एकाच दिवशी खाली पाठवलं, शेवटी आयोवातल्या कब्जच्या ट्रिपल-ए टीमकडेच, ब्रायंट, ॲडिसन रसेल आणि हावियर बाएझ. पण नीट वाचा, बाएझ ऑप्शन झाला कारण तो २०१४ मध्येच मेजरला खेळून आलेला, ४० मध्ये होता. ब्रायंट आणि रसेल रिअसाईन झाले. क्लबने सांगितलं की ब्रायंटला थर्ड बेसच्या फिल्डिंगवर अजून काम करायचंय. त्याचा एजंट स्कॉट बोरास भडकला, आणि मला वाटतं बरोबरच भडकला.

का ते सांगतो, इथेच खरी गंमत आहे आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. मेजरमध्ये सहा वर्षांची सर्व्हिस झाली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही टीमशी करार करायला मोकळा, होऊ शकतो, आणि सर्व्हिसचं एक वर्ष म्हणजे १७२ दिवस. ब्रायंट १७ एप्रिलला वर आला, आणि सीझनअखेर त्याच्या खात्यात १७१ दिवस. एक दिवस कमी! आता ऑप्शनचा नियम असा आहे की सीझनमध्ये एकूण २० दिवसांपेक्षा कमी ऑप्शनवर काढले तर ते दिवस मेजरची सर्व्हिस म्हणूनच धरतात आणि ऑप्शनचं वर्षही (ती मोजकीच मिळतात, पुढे सांगतो) खर्च होत नाही. म्हणजे ब्रायंट ४० मध्ये असता आणि तेच १२ दिवस ऑप्शनवर घालवले असते तर ते मोजले गेले असते. पण तो रिअसाईन झालेला, त्यामुळे ते १२ दिवस हवेत गेले. मैदान तेच, दिवस तेच, फक्त क्रियापद वेगळं.

त्याने तक्रार दाखल केली, जानेवारी २०२० मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध गेला. मध्ये तो २०१५ चा रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा) झाला, २०१६ चा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला, आणि १९०८ नंतर पहिल्यांदा कब्ज वर्ल्ड सिरीज जिंकले तेव्हा शेवटच्या आऊटचा बॉल पण त्यानेच उचलून फेकला.

मग ऑप्शनच बरा का? तसंही नाही हो. ऑप्शनची वर्षं साधारण तीनच मिळतात, आणि ती संपली की टीम त्याला वेव्हर्सशिवाय खाली पाठवूच शकत नाही. म्हणून मार्चअखेर 'आऊट ऑफ ऑप्शन्स' असलेला जेमतेम पिचर टीममध्ये राहतो आणि त्याच्यापेक्षा चांगला, ऑप्शन शिल्लक असलेला पोरगा खाली जातो. लोक कोचला शिव्या घालतात, पण कोच तरी काय करणार, दुसरी टीम त्या पिचरला उचलून नेईल ना. तीन वर्षं वर-खाली करताना खेळाडूचे हाल होतात ते वेगळेच. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेच्या २०२२ च्या करारात एका खेळाडूला एका सीझनला पाचदाच ऑप्शन करायची मर्यादा घातली ती त्यामुळेच.

नॉन-रोस्टरवाला जुना खेळाडू असेल तर त्याच्याकडे कधीकधी उलट हुकमाचा पत्ता असतो. सहा वर्षांवर सर्व्हिस आणि मागचा सीझन मेजरच्या रोस्टरवर किंवा इंज्युरी लिस्टवर संपवलेला असेल तर त्याला ओपनिंग डेच्या, म्हणजे सीझनच्या पहिल्या दिवसाच्या, पाच दिवस आधी करार सोडून बाहेर पडता येतं. वीस वर्षांच्या पोराला हा हक्क कुठला, तो गपचूप बॅग भरतो.

बाएझचं काय झालं विचाराल तर त्याला सप्टेंबरपर्यंत वर घेतलंच नाही, म्हणजे २० दिवसांचा नियम त्याच्या कामाचा नव्हता. पुढे २०२१ च्या हंगामानंतर तोही फ्री एजंट झाला आणि ब्रायंटही, एकाच हिवाळ्यात. बाएझने डेट्रॉईटशी सहा वर्षांचे १४ कोटी डॉलर्स ठरवले, ब्रायंटने कोलोराडोशी सात वर्षांचे १८ कोटी २० लाख. फक्त ब्रायंट खरं तर एक हिवाळा आधीच मोकळा व्हायला हवा होता.